खंड्याला पहिल्यांदाच समुद्रावर न्यायचंय, काय काय बघून ठेवू?

खंड्याची आई:

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही समुद्रकाठच्या एका शहरात सुट्टीला चाललोय, आणि ह्या वेळी खंड्याला कुणाकडे ठेवायचं नाही, बरोबर न्यायचं असं घरात ठरलंय. (म्हणजे मुलीने ठरवलंय. आम्ही माना डोलावल्या.)

खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. वय चार, वजन बावीस किलो. अंगलट देशी, पण कान कुठल्यातरी लॅब्रेडोर पूर्वजाचे असावेत, लोंबणारे. स्वभावाने गरीब. मिक्सर लावला की पलंगाखाली जातो, आणि मांजर दिसलं की मग आम्ही कोण आणि तो कोण. समुद्र त्याने कधी पाहिलेला नाही. आंघोळीची बादली भरताना दिसली तरी घरभर पळतो.

हॉटेलवाल्याला फोनवर विचारलं, "बीचवर कुत्रा चालतो का?" तर "सगळं चालतं हो मॅडम" म्हणाला. त्या "सगळं"वर माझा विश्वास नाही. मग नक्की कुणाला विचारायचं?

दुसरं, मोकळा सोडावा का? घराजवळच्या मैदानात हाक मारली की बहुतेक वेळा येतो. नवऱ्याचं म्हणणं, कुत्र्याला पोहायला शिकवावं लागत नाही, पाण्यात सोड, आपोआप हातपाय मारेल. मला ते पटत नाहीये, पण वाद घालायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. ते तुम्ही पुरवा.

तिसरं, खंड्या कुठलंही पाणी पितो. कुंडीखालच्या ताटलीतलंसुद्धा. समुद्राचं प्यायला तर?

आणि चौथं, सासूबाई बरोबर आहेत. खोलीत वाळूचा कण दिसता कामा नये अशी त्यांची एकमेव अट आहे.

बेफिकीर भटक्या:

ताई, एवढा विचार नका करू. बिनधास्त न्या. एक टेनिस बॉल घ्या, संध्याकाळी पाच-साडेपाचला जा, पट्टा काढा आणि फेका बॉल लाटेत. आमचा बंड्या तासन् तास खेळतो. कुत्र्याला समुद्र म्हणजे स्वर्ग. घाबरला तर उचलून दोन-चार लाटा अंगावरून जाऊ द्यायच्या, भीती मोडते. यजमान बरोबर बोलतायत.

ओहोटी:

वरचा प्रतिसाद वाचला. बॉल, संध्याकाळ, पट्टा काढणे आणि उचलून लाटेत नेणे, ह्या चारही गोष्टी करू नका असं लिहायला बसलोय. भटक्याभाऊ, राग मानू नका. तुमचा बंड्या सरावलेला असेल. इथे प्रश्न समुद्र न पाहिलेल्या कुत्र्याचा आहे.

मी समुद्राजवळच राहतो. ढब्बू (लॅब्रेडोर, आता म्हातारा) आणि त्याच्या आधीची चिंगी, दोघांना घेऊन रोज सकाळी किनाऱ्यावर चालत आलोय. सुट्टीच्या दिवसांत बाहेरून आलेले लोक आणि त्यांची कुत्री रोज बघतो. त्यावरून सांगतो.

परवानगीचं आधी उरकू. किनारा हॉटेलचा नसतो, त्यामुळे हॉटेलवाल्याच्या "हो"ला काही अर्थ नाही. ज्या नगरपालिकेच्या ताब्यात किनारा आहे तिच्या वेबसाइटवर बघा, आणि तिथे पोहोचल्यावर किनाऱ्याच्या तोंडाशी असलेली पाटी वाचा. पाटी आणि वेबसाइटमध्ये फरक असला तर पाटी खरी धरा. सुट्टीच्या शहरांत नियम साधारणपणे तीन गोष्टींवर ठरतात: किनाऱ्याचा कुठला भाग, कुठला मोसम, किती वाजता. जिथे जीवरक्षक बसतात आणि लोक पोहतात तो पट्टा गर्दीच्या मोसमात दिवसा कुत्र्यांना बंद, पण भल्या सकाळी खुला, असं पुष्कळ ठिकाणी असतं. किनाऱ्यावर "ब्लू फ्लॅग"चा झेंडा असला तर जास्त जपा. स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं हे मानांकन १९८७ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर दिलं जातं आणि कुत्र्यांच्या वावरावर कडक नियंत्रण हवं हे त्याच्या निकषांतच आहे. दृष्टिहीनांना वाट दाखवणारी वगैरे सोबतीची कुत्री त्यातून वगळलेली असतात. आपला खंड्या त्यात बसत नाही.

पहिल्या दिवशी कुत्र्याला न घेता एकटीने एक चक्कर मारा आणि जीवरक्षकाला दोन प्रश्न विचारा. कुत्रा कुठपर्यंत चालतो, आणि आज ओढ कुठे आहे? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्यावर पुढे येतो.

आता वेळ. माझ्या मते सगळं वेळेवर आहे. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण वेळ चुकवू नका. सूर्य वर आला की कोरडी वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. आपण चपला घालून उभे असतो म्हणून कळत नाही. तळहाताची मागची बाजू वाळूवर टेकवा आणि सावकाश सात आकडे मोजा. हात उचलावासा वाटला तर कुत्र्याचे पंजे तिथे टेकवायचे नाहीत. संध्याकाळी वाळू निवते हे खरं, पण तेव्हाच अख्खं शहर किनाऱ्यावर असतं. मुलं, घोडे, पतंग, फुगे, बॅटबॉल. मिक्सरला घाबरणाऱ्या कुत्र्याची समुद्राशी पहिली भेट त्या जत्रेत घालायची कशाला?

म्हणून पहाट. आणि पहाटेतही ओहोटीची पहाट. भरतीला पाणी वरपर्यंत येतं आणि चालायला उरते ती मऊ, भुसभुशीत वाळूची चिंचोळी पट्टी. तीत पाय रुततात, आणि सवय नसलेल्या कुत्र्याच्या गुडघ्यांवर, मागच्या मांड्यांवर ताण येतो. ओहोटीला पाणी उतरलं की ओली, घट्ट, गार वाळू उघडी पडते, रुंद आणि सपाट. कुत्रा पाण्यापासून हवा तेवढा लांब राहू शकतो. भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर प्रत्येक बंदराचं मिळतं, ते बघून ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप आत जातं आणि तितकंच जोरात परत येतं. ओहोटीला ज्या खडकांच्या टोकांवर चालत जाता येतं, त्यांची परतीची वाट मागून पाणी चढून तुटते. तिथे जाऊच नका.

पट्ट्याबद्दल. खंड्या मैदानात हाकेला येतो म्हणून समुद्रावर येईल असं धरू नका. लाटांचा आवाज सतत चालू असतो, वारा तुमच्या तोंडावर असला तर हाक मागे जाते. शिवाय त्याच्या नाकाला आयुष्यात मिळाले नाहीत इतके नवे वास एकदम आलेले असतात. ऐकू येऊनही तो ऐकणार नाही. गळ्यातला पट्टा नको, छातीवरचा हार्नेस घाला आणि त्याला आठ-दहा मीटरची लांब दोरी लावा. सुती दोरी नको, पाणी पिऊन जड होते. प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली पट्टी मिळते, ती ओली होत नाही, धुता येते. बटण दाबून आत-बाहेर होणारा पट्टा घरी ठेवा. त्याच्या डबीत वाळू जाते आणि बारीक दोर कुणाच्या तरी पोटरीला कापतो. तुमच्याच, बहुधा.

आणि पोहणं. यजमानांना सांगा, अर्धं खरं आहे. बहुतेक कुत्री पाण्यात पडली की पाय मारायला लागतात. पण मोठं डोकं, आखूड पाय आणि जड छाती असलेली, बुलडॉगसारखी, तोंड वर धरूच शकत नाहीत. आणि ज्यांना पोहता येतं त्यांनाही येतं ते तळ्याचं पोहणं. समुद्रात पाणी पुढे-मागे जातं, तोंडावर फुटतं, पायाखालची वाळू ओढतं.

ओढीचा प्रवाह ओळखायला शिका. लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात ते पाणी कुठूनतरी परत जाणारच. ते एखाद्या अरुंद वाटेने जोरात समुद्राकडे जातं. वरून बघितलं तर ती जागा शांत दिसते: दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा. नवखे लोक "इथे लाटा नाहीत" म्हणून नेमके तिथेच मुलं आणि कुत्री घेऊन उतरतात. कुत्रा ओढीत गेलाच तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. हे घरातल्या प्रत्येकाकडून निघण्याआधी वदवून घ्या, मुलीकडून आधी. कुत्र्याला वाचवायला गेलेली माणसं बुडतात आणि कुत्रा पुढे कुठेतरी स्वतःच बाहेर येतो, असे प्रसंग घडलेले आहेत. जीवरक्षकाला बोलवा, किनाऱ्याकिनाऱ्याने बाजूला पळा आणि तिथून हाका मारा, म्हणजे तो प्रवाहाला तोंड देत बसण्याऐवजी तिरका बाजूला येईल.

शेवटचं, ओळख कशी करून द्यायची. काही करायचं नाही. पाण्यापासून बरंच लांब उभं राहायचं, दोरी सैल. तो बघेल, हुंगेल, एखादी लाट आली की मागे पळेल, लाट गेली की तिच्या मागे जाऊन भुंकेल. ढब्बू, लॅब्रेडोर असून, कितीतरी दिवस फक्त फेसावर भुंकायचा. चिंगीने जन्मात पाय भिजवले नाहीत. ओल्या वाळूवर मात्र वाऱ्यासारखी पळायची आणि खेकड्यांची बिळं उकरायची. दोघंही मजेत होती. कुत्र्याला समुद्रात न्यायची हौस आपली असते, फोटोसाठी. उचलून लाटेत नेलेला कुत्रा भीती मोडून घेत नाही. उचलणाऱ्यावरचा विश्वास मात्र मोडतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटं पुष्कळ झाली.

बेफिकीर भटक्या:

राग नाही काका. पण वीस मिनिटं म्हणजे फारच. एवढ्या लांब जाऊन वीस मिनिटं?

ओहोटी:

दमलेला कुत्रा समुद्रावर थांबत नाही, हीच तर अडचण आहे. उत्साहात तो पळतच राहतो आणि हिशेब दुसऱ्या दिवशी लागतो. ढब्बू तरुण असताना एकदा गार पाण्यात भरपूर पोहला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट मुळापासून खाली लोंबत होती, हलवता येईना, बसताना कण्हायचा. मला वाटलं मोडली. डॉक्टर म्हणाले मोडलेली नाही, शेपटीच्या मुळाच्या स्नायूंवर ताण आलाय. पोहणाऱ्या लॅब्रेडोरसारख्या कुत्र्यांत हे नेहमीचं, विशेषतः पाणी थंड असलं की. विश्रांती आणि वेदनेचं औषध, काही दिवसांत शेपूट पुन्हा फिरायला लागली. खंड्याच्या बाबतीत असं दिसलं तर घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा. माणसांची वेदनेची गोळी घरातून काढून देऊ नका. कुत्र्यांना त्यातल्या काही विषारी ठरतात.

खंड्याची आई:

ओहोटीकाका, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. "फोटोसाठी" ह्या शब्दावर मुलीने माझ्याकडे बघितलं.

आता खारं पाणी प्यायचं तेवढं राहिलं. आणि वाळूत पडलेलं काहीही तोंडात घालायची खंड्याला सवय आहे. तिथे काय काय पडलेलं असतं?

शेपूट डॉक्टर:

मी प्राण्यांची डॉक्टर आहे, समुद्राच्या गावात काम करते. सुट्ट्या सुरू झाल्या की आमच्याकडे ठरावीक केसेस येतात, त्यामुळे हा प्रश्न बघून थांबले.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. दोन-चार घोट गेले तर बहुतेक वेळा एखादी उलटी किंवा पातळ जुलाब, तेवढ्यावर भागतं. पोटभर गेलं तर मात्र तेच मीठ शरीरातलं पाणी आतड्यात खेचतं आणि रक्तात सोडियम वाढलं की मेंदूच्या पेशींतलं पाणीही बाहेर ओढलं जातं. मग पुन्हा पुन्हा उलट्या, झोकांड्या, गोंधळल्यासारखं वागणं, थरथर, फिट्स. ह्यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. घरच्या घरी भांडं भरून गोडं पाणी पाजून "धुऊन काढायला" जाऊ नका. आम्हीसुद्धा वाढलेलं सोडियम सावकाश उतरवतो, एकदम खाली आणलं तर मेंदूला सूज येते.

लोकांच्या ध्यानात येत नाही ते असं, की कुत्रा पाणी "पीत" नसला तरी लाटेतून चेंडू उचलताना दर वेळी तोंडभर पाणी आत घेतो. तासभर चेंडू खेळला तर किती गेलं ह्याचा हिशेब करा. कोरड्या वाळूतही तसंच. टेनिस बॉलच्या लवेला वाळू चिकटते आणि ती चेंडूबरोबर पोटात जाते. जास्त साचली की आतड्यात थर बसतो: उलट्या, ताठरलेलं पोट, शी होत नाही. एक्स-रेवर पांढरी स्वच्छ दिसते. चेंडूच न्यायचा तर रबराचा, तरंगणारा, गुळगुळीत. आणि किनाऱ्यावर पाऊल टाकण्याआधी खंड्याला गोडं पाणी पाजा, नंतर दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं थोडं. तहान भागलेला कुत्रा समुद्राला तोंड कमी लावतो.

वाळूत काय पडलेलं असतं? मासे पकडायचे गळ, आमिषासकट. आमिष खाताना गळ आत गेला आणि बाहेर दोरा लोंबतोय असं दिसलं तर दोरा ओढायचा नाही आणि मुळाशी कापायचाही नाही. तसाच ठेवून आमच्याकडे या, त्या दोऱ्यावरून आम्हाला गळ कुठे आहे ते कळतं. मेलेले मासे, त्यांत पोट फुगवणारा पफर मासा असू शकतो. त्याच्या विषावर उतारा नाही. स्नायू लुळे पडतात, श्वास थांबू शकतो. आम्ही फक्त श्वास चालू ठेवून वाट बघू शकतो. जेलीफिश किनाऱ्यावर लागून मेलेली असली तरी तिच्या तंतूंतले डंख शाबूत असतात आणि कुत्रा हुंगतो ते नाकाने, म्हणून डंख नाकावर आणि ओठांवर बसतो. तंतू काठीने किंवा हातमोजा घालून काढा, वरून समुद्राचंच पाणी ओता. गोड्या पाण्याने उरलेले डंख फुटतात. तोंड सुजायला लागलं किंवा श्वासाचा आवाज बदलला तर वाट बघू नका.

किनाऱ्यावरून वाहत येणारे ओहळ, नाल्यांची तोंडं, साचलेली डबकी टाळा. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरा हा रोगजंतू तिथे असू शकतो. त्याची लस दर वर्षी द्यावी लागते, खंड्याची राहिली असली तर निघण्याच्या पुरेशी आधी घ्या. रेबीजच्या लशीची नोंद असलेलं कार्ड बरोबर ठेवा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध असेल तर ते टाकायच्या आधी दोन दिवस आणि टाकल्यावर दोन दिवस तो भिजायला नको, नाहीतर परिणाम कमी होतो.

उन्हाबद्दल काकांनी वाळूचं सांगितलं, मी हवेचं सांगते. कुत्र्याला घाम येतो तो नावापुरता, पंज्यांच्या तळव्यांना. अंग गार करायचं त्याचं साधन म्हणजे धापा टाकणं, जिभेवरचं पाणी उडून जाणं. समुद्रावरच्या दमट हवेत ते पाणी उडतच नाही. म्हणून वारा छान लागत असताना, आपल्याला बरं वाटत असतानाही कुत्रा तापू शकतो. त्याचं नेहमीचं तापमान अडतीस ते एकोणचाळीस सेल्सियसच्या आसपास असतं. एक्केचाळीसच्या वर गेलं की जिवाशी खेळ. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक, चाल डळमळीत. असं दिसलं तर सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मग गाडीत घाला. आधी गार करायचं, मग दवाखाना. ओला टॉवेल पाठीवर गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. पग, बुलडॉग, बॉक्सर अशी चपट्या नाकाची कुत्री असतील त्यांनी तर दिवसा किनाऱ्याचा विचारच सोडावा.

दोन मुलांचा बाप:

कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी म्हणून लिहितोय. मला कुत्री आवडतात, पण वाळूत खेळणारी मुलंही आहेत. माझ्या धाकट्याच्या तळव्यावर मागे लाल, वळणावळणाची रेष उमटली आणि ती रोज थोडी पुढे सरकायची. खाजेने रात्रभर रडायचा. डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्या-मांजरांच्या पोटातल्या हुकवर्म ह्या जंताची अळी, वाळूतून कातडीत शिरलेली. लोक कुत्र्याची घाण तशीच टाकून जातात आणि वर म्हणतात "भरती आली की धुऊन जाईल". अहो, कोरड्या वाळूपर्यंत भरती पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी समुद्र हे गटार नाही.

ओहोटी:

शंभर टक्के बरोबर. ह्यावर माझं कुणाशी दुमत नाही. खिशात तीन-चार पिशव्या, शी उचलायची, गाठ मारायची, कचरापेटीपर्यंत हातात न्यायची. पेटी लांब असली तर हॉटेलपर्यंत न्यायची. वाळूत पुरायची नाही. पुरलेली तर आणखी वाईट, कुणाचं तरी पोर तिथेच किल्ला करायला उकरतं.

घरून निघण्याआधी खंड्याला पोटभर फिरवून मोकळा करा आणि मगच किनाऱ्यावर न्या. अर्धं काम तिथेच होतं.

आणि विषय निघालाच आहे तर आणखी एक. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत आणि वेलींच्या कडेला चिखल्यासारखे छोटे पक्षी उघड्यावर अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतं, अंडी वाळूच्या रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. कुत्रा नुसता जवळून गेला तरी पक्षी उठतो, अंडी उन्हात उघडी पडतात. कासवांच्या किनाऱ्यांवर तर अंडी दीड-दोन महिने वाळूत असतात आणि कुत्र्याला त्यांचा वास खोलवरून लागतो. दोरी आणि पाट्या लावून आखलेला भाग दिसला की लांबूनच वळा. आमच्याकडे काही लोक त्या दोरीलाच कुत्रा बांधून फोटो काढत बसतात. काय बोलणार.

खंड्याची आई:

बापरे, मी साधा प्रश्न विचारला होता! पण सगळं लिहून घेतलंय. जंतांचं औषध ह्याच आठवड्यात, लस तपासते. चेंडू रबराचा.

सासूबाईंची वाळू मात्र अजून कुणी सोडवली नाही. आणि त्याचे कान?

शेपूट डॉक्टर:

कान आधी. लोंबत्या कानांत ओल राहिली की दोन दिवसांत खाज, वास, डोकं झटकणं सुरू होतं. बाहेर आल्यावर कानाची पाळी उलटी करून मऊ कोरड्या फडक्याने आतला दिसणारा भाग पुसा. कानकोरणी, कापसाची काडी आत घालू नका.

वाळू: ओल्या कुत्र्याची वाळू पुसली जात नाही, पसरते. दोन मार्ग आहेत. एक, किनाऱ्यावर नळ किंवा शॉवर असेल तर तिथेच गोड्या पाण्याने भरपूर धुवा. बोटांच्या मध्ये, काखेत, पोटाखाली, हार्नेसच्या खाली. मीठ आणि वाळू तिथेच राहून घासतात आणि कातडी सोलते. दोन, नळ नसेल तर त्याला पूर्ण सुकू द्या आणि मग ब्रश मारा, कोरडी वाळू आपोआप गळते. बाटलीभर गोडं पाणी गाडीत ठेवाच. साबण रोज लावू नका.

बेफिकीर भटक्या:

सासूबाईंसाठी माझ्याकडून एक: जुनी चादर. खोलीच्या दारातच अंथरायची, कुत्रा आधी त्यावर. सकाळी चादर बाल्कनीत झटकायची, पण खालच्या मजल्यावर कुणी चहा पीत बसलंय का ते बघून.

खंड्याची आई:

भटक्यादादा, हे सासूबाईंना आवडलं. चादर त्या स्वतःच काढून देणार आहेत म्हणे, जुन्यातली जुनी.

ओहोटीकाका, वेळापत्रक बघितलं. आम्ही रात्री उशिरा पोहोचू. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण ओहोटी ६ वाजून १० मिनिटांनी दाखवतेय. मग त्याच्या पुढच्या सकाळी सात, नंतर आठच्या जवळ, असं ना? सूर्योदय सव्वासहाच्या सुमाराला आहे.

ओहोटी:

बरोबर. ६:१०, मग ७ च्या आसपास, मग पावणेआठ-आठ.

पहिल्या सकाळी खंड्याला नेऊ नका, मी सांगितलं तसं तुम्ही एकट्याच जा, उजाडताना. रात्रीच्या प्रवासानंतर त्याला झोपू दे. नवी जागा, नवे वास, हॉटेलची लिफ्ट हेच त्याला दिवसभर पुरेल. किनाऱ्याची उतरण बघा, खडक कुठे उघडे पडतात, ओढीची जागा कुठली ते बघा. जीवरक्षक सहसा इतक्या लवकर येत नाहीत, त्यांना विचारायला दिवसा एक चक्कर मारावी लागेल.

दुसऱ्या सकाळी सव्वासहाला निघा. पाणी अजून उतरत असेल, सातला थांबेल, त्यानंतर चढायला लागेल. म्हणजे तुम्ही जितका वेळ तिथे आहात तितका वेळ ओली वाळू भरपूर. सातपर्यंत परत फिरा, ऊन अजून तिरकं असेल. यजमानांना दोरी धरू द्या, तुम्ही पाण्याची बाटली आणि पिशव्या सांभाळा, मुलीला किनाऱ्याच्या बाजूला ठेवा.

तिसऱ्या सकाळी साडेसहालाच जा, आठची वाट बघू नका. ओहोटी पूर्ण झालेली नसेल, पट्टी थोडी अरुंद मिळेल, पण वाळू गार असेल. ओहोटी आणि ऊन ह्यांत निवड करायची वेळ आली तर उन्हाला आधी मान द्या. खंड्याला पाण्यात जायचंच असेल तर ह्या दिवशी जाईल, पोटापर्यंत. दोरी तुमच्या हातात, तुम्ही घोट्याइतक्या पाण्यात. नाही गेला तर नाही गेला.

परत निघायच्या दिवशी समुद्र नको. ओला कुत्रा, बंद गाडी आणि सासूबाई, तिन्ही एकत्र आणू नका.